मेशमध्ये रूट सारखे बदलतात. हॅलो इंटरव्हल किती ठेवावा? ओएलएसआरडी सोडून बेबलडी घ्यावं काय?

तुम्ही लिहिलंय, खानापूर भागातल्या तुमच्या गावात आठ राऊटर आहेत, वायफायनं एकमेकांना जोडून त्यांचं जाळं, म्हणजे मेश, केलंय. सगळ्यांवर ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरची सिस्टम) आणि ओएलएसआरडी (पाकिटांची वाट, म्हणजे रूट, ठरवत मागं चालू राहणारा प्रोग्रॅम, म्हणजे डीमन), नेट दोन घरांतून येतं. दिवसभर बरं चालतं आणि संध्याकाळ झाली की रूट उड्या मारायला लागतात. हॅलो इंटरव्हल, म्हणजे राऊटरनं शेजाऱ्यांना 'मी आहे' असं किती वेळानं सांगायचं ते, दोन सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आणू काय, असं विचारलंय.

आणू नका.

खरं तर एवढंच लिहून थांबणार होतो. पण तो 'अर्धा सेकंद' वाचला आणि डोकं फिरलं. त्याच अर्ध्या सेकंदावरून आमच्या घरात थोरल्या चुलतभावाशी माझा दोन महिने अबोला होता. तुम्हाला कुणी हा सल्ला दिला ते विचारत नाही. बहुतेक पुण्याचा कुणीतरी असणार.

आमचं गाव बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरून आत, बाचीच्या अलीकडं. पलीकडं शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा गावात फायबर एकाच ठिकाणी होतं, दूध डेअरीत. पुतणी नववीला. क्लास मोबाइलवर, आणि आमच्या गल्लीत मोबाइलला रेंज म्हणजे माडीवर एका कोपऱ्यात उभं राहिलं तर. मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, दुकानात जुने राऊटर पडून होते. सातांवर ओपनडब्ल्यूआरटी चढवलं, ओएलएसआरडी टाकलं आणि डेअरी, शाळा, मारुतीचं देऊळ, आमचं घर असं करत गाव जोडलं. जून-जुलै काही तक्रार नाही. डेअरीचे चेअरमन तर लोकांना दाखवायला आणायचे.

आमच्या घरावरून डेअरीला सरळ लिंक होती, ७०० मीटर, मध्ये नुसतं शेत. जुलैत लिंक क्वालिटी, म्हणजे पाठवलेल्यांपैकी किती हॅलो पोचले ते प्रमाण, तिकडून ०.९४, इकडून ०.९०. ईटीएक्स काढायचा तर एक भागिले या दोघांचा गुणाकार, म्हणजे १.१८. एक पाकीट (डेटाचा तुकडा) पोचवायला सरासरी सव्वा वेळा पाठवावं लागतं, असा त्याचा अर्थ. झकास लिंक.

अण्णा, म्हणजे तो चुलतभाऊ, पुण्यात मोठ्या कंपनीत नेटवर्कचंच काम करतो. लॉकडाऊनमध्ये सेवासिंधूचा पास काढून, शाळेत क्वारंटाइन होऊन गावी आला. येताना महाराष्ट्राचं सिम घातलेला फोर-जी डोंगल घेऊन आला. त्याचं घर आमच्या मागं, माळाच्या बाजूला, तिथं शिनोळीकडचा टॉवर मिळायचा. म्हणाला, "माझ्याकडचं नेट पण मेशमध्ये सोड की. एक गेलं तर दुसरं." मलाही पटलं. त्याच्या राऊटरवर एचएनए मध्ये चार शून्यं टाकून मीच डीफॉल्ट रूट जाहीर केला, म्हणजे 'बाहेरचं नेट इथूनही मिळतं' असं गावभर कळवलं. ही चूक माझी, हे आधीच कबूल करतो, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये कुणी शहाणपण शिकवायला नको.

सप्टेंबरमध्ये क्लास तुटायला लागले. मिनिटभर चालायचं, मग चित्र गोठायचं, मग परत लॉगिन. ज्यांनी सीमेवर दिवस काढलेत त्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. जुन्या फोनवर एका खोलीत कर्नाटकाचा टॉवर, दुसऱ्या खोलीत महाराष्ट्राचा, आणि मधल्या सोप्यात बसलं की रोमिंग लागून बॅलन्स साफ. आमच्या मेशचं तेच झालं होतं. अर्धी पाकिटं डेअरीतून कर्नाटकात, अर्धी अण्णाच्या डोंगलमधून महाराष्ट्रात. पाकिटांचाही सीमाप्रश्न.

अण्णानं बघितलं आणि निदान केलं. "दोन सेकंद म्हणजे लई झालं रे. लिंक मेली तरी तुझ्या डीमनला पत्ता नाही. हॅलो अर्ध्यावर आण, व्हॅलिडिटी दीड सेकंद कर." मी म्हटलं, अण्णा, आपल्याला लिंक मेल्याचं उशिरा कळत नाहीये, जिवंत लिंक मेली म्हणून जाहीर होतेय. तो म्हणाला, "तुला अनुभव नाही." रात्री त्यानं सातही राऊटरवर शिरून टायमर बदलले. मला न विचारता.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते इथं नीट सांगतो, कारण तुमचं उत्तर याच्यातच आहे. हॅलो हे ब्रॉडकास्ट असतं. वायफायमध्ये ब्रॉडकास्टला पोच नसते. तुमचा व्हिडिओ हवेत आदळला तर कार्ड परत पाठवतं. हॅलो आदळला तर गेला. संध्याकाळी सहाला डेअरीत दूध घालायला रांग लागते, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, चॅनेल भरतं, लागोपाठ तीन-चार हॅलो हरवतात. ओएलएसआरच्या मूळ आरएफसीत (नियमांच्या कागदात), म्हणजे २००३ च्या ३६२६ मध्ये, हॅलो दोन सेकंदांनी आणि शेजारी हरवला असं धरायला, म्हणजे व्हॅलिडिटी, सहा सेकंद दिलेत. अण्णाच्या हिशोबात दीड सेकंद गर्दी झाली की लिंक खलास. लिंक गेली की रूट दुसरीकडं, सगळी गर्दी तिकडं, मग तिकडचे हॅलो हरवणार, रूट परत इकडं. प्रत्येक उडीला टोपॉलॉजीचे (कोण कुणाला जोडलंय याचे) निरोप सगळ्या गावभर. आधी मिनिटाला तुटणारा क्लास आता वीस सेकंदांनी तुटायला लागला. आणि अण्णानं घरच्या ग्रुपवर लिहिलं, "गावठी काम, दुसरं काय."

ते 'गावठी' मला लागलं. अजून लागतंय.

तीन दिवस संध्याकाळी सहा ते आठ मी डेअरीत बसलो. कागद नव्हता म्हणून दुधाच्या रजिस्टरचं मागचं पान घेतलं. छापील रकाने लिटर, फॅट, एसएनएफ, दर. त्यात मी लिहीत गेलो: वेळ, लिंक क्वालिटी, उलटी लिंक क्वालिटी, ईटीएक्स. टेक्स्टइन्फो प्लगिन चालू असलं की २००६ पोर्टवर सगळं दिसतं, दर पाच मिनिटांनी बघायचं आणि लिहायचं. सचिव म्हणाले, "काय रे, तुझ्या म्हशीला फॅट लागेना काय?"

खरंच लागत नव्हता. सरळ लिंक ०.५५ आणि ०.४७ वर आली होती. ईटीएक्स ३.८७. त्यामुळं घरचा राऊटर सरळ रस्ता सोडून देवळावरून दोन हॉपनं (टप्प्यांनी) डेअरीला जायचा, त्याचा आकडा २.७ च्या आसपास. अण्णाचं घर चिऱ्याच्या दोन भिंतींआड, ते २.५. आता २.७ आणि २.५ म्हणजे काट्यावरचं प्रकरण. जरा कुठं गर्दी झाली की पारडं फिरणार. टायमर काहीही ठेवा.

पण जुलैतल्या १.१८ चे ३.८७ झाले कसे? डेअरीच्या माडीवर चढलो तेव्हा दिसलं. ऊस. जूनमध्ये गुडघ्याएवढा होता, सप्टेंबरात तीन मीटर, वर पावसाची ओली पानं. माझा अँटेना गोठ्याच्या आढ्यावर, जमिनीपासून जेमतेम पाच मीटर. २.४ गिगाहर्ट्झला ७०० मीटरच्या मधोमध फ्रेनेल झोनची (दोन अँटेनांमध्ये लहरींना लागणाऱ्या लांबट जागेची) त्रिज्या साधारण ४.७ मीटर येते, त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो, म्हणजे २.८ मीटर. माझ्याकडं उसाच्या शेंड्यावर उरले होते दोन. डोळ्यांना डेअरी स्वच्छ दिसत होती, लिंक मात्र उसात अडकली होती. पुण्यात बसून हे कॉन्फिग फाइलमध्ये दिसत नाही.

मग वीस फुटी जीआय पाइप आणला, अँटेना वर नेला. पुढच्या महिन्यात त्या एका लिंकला ५ गिगाहर्ट्झची जोडी लावली. २०१८ पासून हा बँड आपल्याकडं बाहेर वापरायलाही बहुतांश मोकळा झालाय, आणि ५.८ ला तीच त्रिज्या ३ मीटरवर येते. ही लिंक वेगळ्या चॅनेलवर गेल्यामुळं बाकीच्यांनाही हवा मिळाली. एकाच रेडिओवर एकाच चॅनेलनं हॉपमागून हॉप नेलं की दुसऱ्या हॉपला वेग निम्मा होतो, हे तुम्हाला माहीत असेलच.

उरला दोन गेटवेंचा, म्हणजे बाहेरचं नेट जिथून येतं त्या दोन राऊटरांचा, घोळ. रूट बदलला म्हणून पाकिटं हरवत नाहीत, दुसऱ्या वाटेनं जातात. क्लास तुटतो तो गेटवे बदलल्यामुळं, कारण बाहेरचा पत्ता बदलतो. डेअरीच्या नॅटमधून (आतल्या सगळ्यांना बाहेर एकच पत्ता देणाऱ्या सोयीतून) चालू झालेलं कनेक्शन डोंगलच्या नॅटला ओळखत नाही. तेव्हा तुमच्या दोन घरांपैकी एक घर मुख्य, दुसरं फक्त राखीव, हे आधी ठरवा. भाऊबंदकीत हे ठरवणं डीमन बसवण्यापेक्षा अवघड, मला ठाऊक आहे. ओएलएसआरडीवरच राहणार असाल तर स्मार्ट गेटवे चालू करा. ते निवडलेल्या गेटवेपर्यंत टनेल टाकतं आणि थ्रेशोल्ड दिला की किरकोळ फरकानं गेटवे बदलत नाही. डायनॅमिक गेटवेचं प्लगिनही लावा. नाहीतर जेसीबीनं फायबर तोडलं तरी तो राऊटर 'या, या, नेट आहे' म्हणून गावाला बोलवत राहतो.

आता बेबलडी, म्हणजे वाट ठरवणारा दुसरा डीमन. घ्या. मी २०२१ मध्ये बदललं आणि परत मागं बघितलं नाही. जुन्या ओएलएसआरडीवर आता फारसं कुणी काम करत नाही, बेबलची आरएफसी २०२१ मध्ये नव्यानं आली, ८९६६. रूट बदलताना ते जरा थांबून बघतं, लगेच उडी मारत नाही, आणि फीजिबिलिटीच्या अटीमुळं पाकिटं गोल गोल फिरत बसत नाहीत. आणि गंमत बघा, बेबलडीचा हॅलो मुळातच चार सेकंदांनी जातो. दोनवरून अर्ध्यावर नव्हे, चारवर! हे मी अण्णाला स्क्रीनशॉट काढून पाठवलं होतं. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

बदलताना तीन जागी लोक अडकतात. वायफायच्या इंटरफेसला टाइप वायरलेस असं स्वतः लिहा, त्याच्या अंदाजावर सोडू नका. वायरचा समजला तर खर्च ९६ धरतो, वायरलेसचा चांगल्या लिंकलाही २५६, आणि सगळा हिशोब बिघडतो. डीफॉल्ट रूट आपोआप जाहीर होत नाही, रिडिस्ट्रिब्यूटची ओळ लागते; मुख्य गेटवेला मेट्रिक (वाटेचा खर्च) १२८ द्या, राखीवला हजाराच्या वर, म्हणजे काट्यावर काही उरत नाही. आणि तुम्ही आयपी रूट ॲड करून हातानं टाकलेला रूट 'बूट' प्रोटोकॉलचा धरला जातो, तो बेबलडी उचलत नाही. यात माझी एक अख्खी रात्र गेली.

मल्टिकास्ट रेटही, म्हणजे हॅलोसारखे सगळ्यांना जाणारे निरोप ज्या वेगानं जातात तोही, बघा, डीमन कुठलाही असू दे. हॅलो १ एमबीपीएसनं जात असेल तर लांबच्या रडक्या लिंकवरही तो पोचतो आणि डीमनला वाटतं लिंक सोन्यासारखी. तिथं खरं पाकीट टाकलं की लोळण. ६ किंवा १२ एमबीपीएसवर आणा, मग रडक्या लिंक आपल्या आपण गळतात.

बॅटमॅनचं, म्हणजे मेशच्या आणखी एका पद्धतीचं, कुणीतरी सांगेलच. चांगलं आहे, पण तो डीमन नव्हे, कर्नल मॉड्यूल (सिस्टमच्या गाभ्यातला भाग) आहे, आणि लेयर दोनवर, म्हणजे आयपी पत्त्यांच्या खालच्या थरावर, चालतं. आठ राऊटरसाठी ते करू नका असं नाही, पण तुमचं आत्ताचं दुखणं त्यानं जाणार नाही.

टायमरबद्दल अण्णाच्या बाजूनं एक सांगायला हवं. राऊटर फिरते असतील, गाडीवर वगैरे, तर दोन सेकंद खरंच जास्त होतात. आमचा सगळ्यात फिरता नोड गोठा होता.

पैशाचंही बोलून ठेवतो. आम्ही घरातल्या घरात आणि डेअरीच्या संमतीनं केलं, कुणाकडून रुपया घेतला नाही. तुम्ही लोकांकडून महिन्याचे घेणार असाल तर ते लायसन्सशिवाय चालत नाही. २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या पीएम-वाणीत (सरकारच्या सार्वजनिक वायफाय योजनेत) पीडीओ, म्हणजे लोकांना वायफाय देणारं छोटं केंद्र, होता येतं, त्याला लायसन्स लागत नाही, ती वाट बघा. आणि पाइप उभा केलात तर अर्थिंग. मे महिन्यातल्या वळवानं देवळावरचा राऊटर जाळला आमचा, सोबत शेजारचा स्विच.

तुमच्याकडं खानापुरात ऊस कमी, झाडं जास्त. काजूचं झाड पानं झाडत नाही, म्हणजे तुमची लिंक बारा महिने सारखीच वाईट असणार. दिवसा बरी चालते म्हणता ते रिकामं चॅनेल असल्यामुळं. संध्याकाळी सहा ते आठ तीन दिवस आकडे लिहा आणि इथं टाका, दोन्ही गेटवेंचे वेगळे. पान जपून ठेवा. मी ठेवलंय. गेल्या दिवाळीत अण्णा आला होता, फराळाच्या ताटाशेजारी ते पान ठेवलं. चष्मा लावून त्यानं सगळं वाचलं, आणि म्हणाला, "फॅट बरी लागली की रे त्या आठवड्यात."