यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) ट्रान्सफर करायचंय तर मेजरचे (मुख्य विषयाचे) कोर्स आधी धर

अरे, पहिल्याच सेमिस्टरला सगळे सोपे जीई, म्हणजे जनरल एज्युकेशनचे कोर्स, घेऊन बसू नकोस. कॅलिफोर्नियात असिस्ट नावाची साइट आहे, तिथे तुझं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज, यूसी आणि मेजर टाकलं की आपला कुठला कोर्स तिकडच्या कुठल्या कोर्सला चालतो ते समोरासमोर दिसतं, त्याची प्रिंट काढून भिंतीलाच लाव. कॉम्प्युटर सायन्सला कॅल्क्युलसची साखळी असते, एक अडला की पुढचे सगळे अडतात, माझं तसंच झालं, लिनिअर अल्जेब्राला सीट मिळाली नाही आणि अख्खं वर्ष गेलं रे. ट्रान्सफरला नुसते 60 सेमिस्टर युनिट्स (क्रेडिट्स) भरून भागत नाही. आणि टॅग, म्हणजे अटी पूर्ण केल्या की ट्रान्सफर प्रवेशाची हमी, यूसीच्या बर्कले, एलए, सॅन डिएगो कॅम्पसला नाहीये. समरला कॅल्क्युलस मिळत असेल तर उरकूनच टाक.