मॅक्सिमा क्लॅम या समुद्री शिंपल्याचा पाय फाटलाय, वाचेल का?

प्रश्न: दादा, आम्ही न्यू जर्सीत असतो, घरी रीफ टँक (प्रवाळांचं, खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) आहे. परवा मॅक्सिमा क्लॅम आणला, दुकानात तो खडकावरून ओढून काढला आणि खडकाला धरून ठेवणारे खालचे धागे तुटून थोडं मांस लोंबतंय. मँटल (शिंपल्यातून बाहेर पसरणारा मांसल पडदा) अर्धवटच उघडतो. काय करू?

उत्तर: नुसते धागे तुटले असतील तर तो नवे काढतो, पण मुळाशी पाय (धागे जिथून निघतात तो मांसल भाग) फाटला असेल तर धोका मोठा, तरी आशा सोडू नका. लोंबणारं मांस कापू नका. वाळूवर चपटा दगड ठेवून त्यावर त्याला सरळ बसवा, प्रवाह मंद, आणि मग हात लावणं बंद, कारण रोज उचलून बघितलं की नवा धरलेला धागा परत तुटतो. ग्लू तर अजिबात नको. ब्रिसल वर्म (टाकीतले केसाळ समुद्री किडे) जखमेवर येतात, रात्री टॉर्च मारून बघा. तापमान 25-26 अंश सेल्सिअस, सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा, विशिष्ट गुरुत्वात) 1.025 ला स्थिर. तांबं असलेलं औषध टाकीत टाकलंत तर क्लॅम गेलाच! सावली पडल्यावर झटकन मिटतोय तोवर बरं चाललंय, आ वासून राहिला आणि हात लावूनही मिटेना तर बाहेर काढा, सडला की पाणी बिघडतं. दुकानदारालाही सांगा, धागे ब्लेडने खडकालगत कापायचे असतात, ओढायचे नसतात.

भारतातल्या वाचकांनो, आपल्याकडे हा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, विकत घेऊ नका.