सिनात्राची रेडिओवरची गाणी: सुरुवात कुठून करावी

अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचे कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीचे अल्बम तुमचे पाठ झालेत. आता १९४०च्या दशकातली त्याची रेडिओवरची गाणी ऐकावीत का, की खरखरीत आवाजात तीच ती गाणी पुन्हा विकत घ्यायची, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, जरूर ऐका. आणि आधी १९४२ ते १९४४ एवढाच काळ ऐका, कारण त्या दोन वर्षांतला पूर्ण वाद्यवृंदासोबतचा सिनात्रा बाजारातल्या तबकड्यांवर नाहीच.

झालं असं, की १ ऑगस्ट १९४२पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलोच्या नेतृत्वाखाली, रेकॉर्ड कंपन्यांसाठी वाजवणं बंद केलं. तबकडी रेडिओवर आणि ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकलं की गाणं वाजवणारं यंत्र) वर्षानुवर्षं वाजते, वादकाच्या हातात मात्र एकदाच पैसे पडतात, ही त्यांची तक्रार. नेमका त्याच सप्टेंबरात सिनात्रा ट्रॉम्बोनवादक टॉमी डॉर्सीचा वाद्यवृंद सोडून एकट्याच्या जोरावर उभा राहायला निघाला. जून १९४३मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने त्याला स्टुडिओत बोलावलं तेव्हा साथीला वादकांऐवजी नुसता कोरस होता. व्हायोलिनने धरायचे ते सूर माणसं गळ्याने धरतायत! कोलंबियाचा संघटनेशी समझोता व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला.

रेडिओवर थेट वाजवायला मात्र बंदी नव्हती. त्यामुळे तो आवाज आठवड्यामागून आठवडा सगळ्या साजासह प्रक्षेपित होत होता. सैनिकांसाठी काढलेल्या व्ही-डिस्क्सना संघटनेने पुढे सूट दिली, त्यातही थोडं सापडतं. बाकी सगळी भिस्त रेडिओवर.

पहिलं ऐका ते ३ सप्टेंबर १९४२चं प्रक्षेपण, डॉर्सीच्या वाद्यवृंदातला त्याचा निरोप. आपल्या जागी येणाऱ्या गायकाची, डिक हेम्सची, ओळख तो स्वतः करून देतो आणि ‘द साँग इज यू’ गातो. हेच गाणं त्याने त्याच वर्षी जानेवारीत स्टुडिओत गायलं होतं. दोन्ही पाठोपाठ लावा. जानेवारीत तो जपून गातो. सप्टेंबरात समोर माणसं आहेत, चुकलं तर पुन्हा घ्यायची सोय नाही, आणि २६ वर्षांचा हा मुलगा ओळीमागून ओळ श्वास न तोडता ओढत नेतो. डॉर्सी ट्रॉम्बोन वाजवताना श्वास कुठे घेतो हे पाहून पाहून तो हे शिकला. ती विद्या इथे उघडी ऐकू येते. आपल्याकडे तीन मिनिटांच्या तबकडीवरचा गवई आणि मैफलीतला गवई वेगळा असतो ना, तसंच आहे हे.

आता खरखरीबद्दल. एनबीसी आणि सीबीएस ही अमेरिकेतली मोठी रेडिओ जाळी तेव्हा आधी ध्वनिमुद्रित केलेले कार्यक्रम घेत नसत. जे व्हायचं ते थेट. आज उरलंय ते त्याच वेळी १६ इंची तबकड्यांवर कोरून घेतलेलं. एका बाजूला साधारण १५ मिनिटं, म्हणजे अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला दोन बाजू. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा थर असे. युद्धात अॅल्युमिनियम मिळेनासं झालं तेव्हा पत्र्याऐवजी काच वापरली, आणि काच फुटते. सुई तबकडीच्या मध्याकडे जाते तसा वरच्या पट्टीतला आवाज मंदावतो, म्हणून काही गाणी सुरुवातीला लखलखीत आणि शेवटी पांघरुणाखालून आल्यासारखी वाटतात. तो दोष गायकाचा नाही. खरखर पुसायच्या नादात व्हायोलिनसुद्धा पुसून टाकलेल्या सीड्या मिळतात, त्या घेऊ नका. दोन गाण्यांनंतर खरखर कानाआड होते. पुसलेले सूर परत येत नाहीत.

वेगही तपासा. माझ्याकडच्या एका सीडीवर सगळं चढ्या वेगाने उतरवलंय, आणि ते मला गाण्यात नाही, त्याच्या बोलण्यात कळलं. निवेदन किरटं वाटलं की समजायचं.

सगळंच रेडिओचं सोनं आहे असंही नाही. ‘युअर हिट परेड’ या रेडिओ कार्यक्रमात त्या आठवड्यात लोकप्रिय असेल ते गावं लागे. १९४८मध्ये त्याला वुडी वुडपेकर या कार्टूनमधल्या सुतारपक्ष्याचं गाणंसुद्धा गावं लागलंय. १९४७ ते १९४९चे ते कार्यक्रम मी आता लावत नाही. त्याऐवजी १९५३च्या शेवटी सुरू झालेल्या ‘टू बी परफेक्टली फ्रँक’कडे वळा. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम, मोजकेच वादक, आवाज पिकलेला, आणि कुठलीही घाई नाही. तुमच्या कॅपिटलच्या कानांना हे सगळ्यात जवळचं वाटेल.

एकच संच घ्यायचा तर २०१५मध्ये निघालेला ‘अ व्हॉइस ऑन एअर’ घ्या, चार सीड्यांचा. त्यात सप्टेंबर १९३५चा मेजर बोज यांचा हौशी कलाकारांचा कार्यक्रम आहे. होबोकेन फोर या चौकडीत १९ वर्षांचा सिनात्रा गातोय. ते एकदा ऐका आणि तिथून सरळ १९४२च्या निरोपावर या.