चार वर्षे उभी राहिलेली गाडी आणि तापणारे चाक

प्रश्न : माझी जुनी मोटार चार वर्षे झाकून ठेवलेली होती. गेल्या महिन्यात ती बाहेर काढली, तेव्हा ब्रेकचे पेडल अगदी मऊ लागत होते. टाकीत ब्रेक ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधून (ऑइलच्या नळीतून) हवा काढल्यावर ते घट्ट झाले. परंतु पाय दाबून धरला, की आता ते हळूहळू खाली जाते. शिवाय दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवली, की पुढचे डावे चाक इतके तापते की रिमला हात लावता येत नाही. गळती कुठेही दिसत नाही. कॅलिपर (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) बदलावा का?

उत्तर : कॅलिपर विकत घेण्याची घाई करू नका. तुमच्या पत्रात एकमेकांशी संबंध नसलेले दोन दोष दिसतात आणि दोन्ही दूर होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये.

पहिला दोष बहुधा मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपाचा आहे. लाइनमध्ये हवा राहिली असती, तर पेडल स्पंजासारखे दबून एका जागी थांबले असते. बाहेर गळती नसताना ते खाली सरकत राहते, याचा अर्थ पिस्टनवरील रबरी सीलच्या कडेने ऑइल मागे निसटत आहे. रोजच्या वापरात हा पिस्टन सिलिंडरच्या थोड्याच भागात मागेपुढे होतो आणि न वापरलेल्या पुढच्या भागात गंज व गाळ साचतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबले, की सील त्या खरखरीत भागावरून घासले जाऊन फाटतात. बंद राहिलेल्या गाडीत म्हणूनच पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून हवा काढावी. हे तुम्हाला कोणी आधी सांगायला हवे होते. मात्र गळती नाही असे ठरवण्यापूर्वी मास्टर सिलिंडरचे नट सोडून तो बूस्टरपासून (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यापासून) किंचित पुढे ओढा आणि मागची बाजू पाहा. तिथून गळणारे ऑइल बूस्टरमध्ये जाते, बाहेर थेंबही दिसत नाही. मागे ड्रम ब्रेक असतील, तर चाकाच्या सिलिंडरचे रबरी टोपणही उचलून पाहा.

तापणाऱ्या चाकाची परीक्षा सोपी आहे. पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर टेकवा, पेडल दोन-तीन वेळा दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. ते जाम असेल, तर कॅलिपरचा निपल (हवा काढण्याचा स्क्रू) पाव फेरा सैल करा. ऑइलची छोटी पिचकारी उडाली आणि चाक मोकळे झाले, तर दाब लाइनमध्ये अडकला होता. केवळ एकच चाक धरत असल्याने अशा वेळी संशय त्या चाकाच्या रबरी होजपाइपवर जातो. तो बाहेरून धडधाकट दिसतो, परंतु आतून फुगलेला असतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, परत मात्र येत नाही. दोन्ही पुढचे होज एकदमच बदला. निपल उघडूनही चाक जाम राहिले, तरच कॅलिपर उघडावा आणि तेव्हाही आधी सरकत्या पिना पाहाव्यात. त्यांतील ग्रीस वाळल्याने पॅड घासत राहतात आणि सफाई करून ब्रेकसाठीचे ग्रीस लावल्यावर काम भागते. कॅलिपरच्या पिस्टनवरच खड्डे पडले असतील, तर मात्र कॅलिपर बदलण्याला पर्याय नाही.

जुन्या ऑइलवर नवे ओतणे पुरेसे नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते : डॉट ४ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, ओलावलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश धरली जाते. म्हणून दुरुस्तीनंतर संपूर्ण ऑइल बदला आणि सीलबंद डबाच वापरा. डॉट ५ हे सिलिकॉनचे असल्याने डॉट ४ मध्ये मिसळू नये, डॉट ५.१ चालते, नावे फसवी आहेत खरी. सांडलेल्या ऑइलवर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग उचलला जातो.

डिस्कवरील गंजाचा तांबूस थर पहिल्या काही ब्रेकांतच पुसला जातो. नखाला लागतील असे खड्डे असतील, तर डिस्क बदलावी.