लहान बाळ असलेल्या घरात उंदीर झालेत. पिंजरा, चिकट पुठ्ठा, औषध की आवाजाचं यंत्र, काय वापरावं?

"घर रोज दोनदा झाडते, पुसते, तरी उंदीर आलेच" हे तुम्ही ज्या सुरात लिहिलंय ना, तो सूर माझ्या ओळखीचा आहे. माफी मागितल्यासारखा. ताई, कशाची माफी? उंदीर फरशी बघून येत नाही, भोक बघून येतो. जिथून पेन्सिल आत सरकते तिथून लहान घरउंदीर येतो, 6 मिलिमीटरची फट त्याला पुरते. आणि दिवसाला त्याला लागतं किती? तीनेक ग्रॅम. बाळाने पलंगाखाली टाकलेलं अर्धं बिस्कीट झालं की त्याचं जेवण झालं. दीड वर्षाचं पोर असलेल्या कोणत्या घरात तेवढं सांडत नाही?

तावातावाने लिहितेय, कारण "घरात स्वच्छता पाहिजे, मग उंदीर येतच नाही" हे वाक्य मला 2019 पासून ऐकवलं जातंय. ऐकवणारे माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. माणूस वाईट नाही. अडल्यानडल्याला पहिले तेच धावून येतात. पण रिटायर झाल्यापासून जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांच्याकडे तोडगा तयार असतो, आणि तोडगा फसला की तो फसलाच नाही हे सांगणारं स्पष्टीकरणही तयार असतं.

आवाजाचं यंत्र आमच्याकडे त्यांनीच आणलं. सॉकेटला लावायचं, निळा दिवा लागतो, माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो आणि उंदीर म्हणे डोकं धरून पळतात. आठ दिवसांनी सकाळी त्या यंत्राच्या डोक्यावरच दोन लेंड्या होत्या. तो आवाज भिंतीपलीकडे जात नाही, कपाटामागे, गादीमागे अडतो, आणि समोर असलेल्या उंदरालाही काही दिवसांत त्याची सवय होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 सालीच असली यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या 60 हून जास्त कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं की असे दावे करायचे तर शास्त्रीय पुरावा हवा. मी हे भासऱ्यांना दाखवलं. ते म्हणाले, "अमेरिकेतले उंदीर वेगळे असतात." घेऊ नका. त्या पैशात चार सापळे येतात.

चिकट पुठ्ठा मी एकदाच लावला. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातून जे ओरडणं सुरू झालं, ते पहाटेपर्यंत. शेवटी मीच उठून गोडेतेल ओतून त्याला सोडवलं, आणि तो गेला सरळ फ्रिजमागे, जिथून आला होता तिथेच. दुसऱ्या रात्री पाल चिकटली. मारायचं असेल तर एका फटक्यात मारा, नाही तर मारू नका. शिवाय तुमचं बाळ रांगण्याच्या, धावण्याच्या वयात आहे. त्याचा हात त्यावर पडला तर काय होईल याचा विचार करा.

आता औषध. इथे जरा बसून सांगावं लागेल.

आम्ही नागपुरात मानेवाड्याला तळमजल्यावर राहतो, मागे थोडं अंगण आहे. मार्च 2019 मध्ये उंदीर झाले. मी जाळीचा पिंजरा लावला होता. सुकट बांधली की दोन दिवसांआड एक मिळायचा. आमचे हे तो पिंजरा स्कूटरवर पायांपाशी ठेवून रिंग रोडच्या पलीकडे सोडून यायचे, कारण सासूबाईंचं म्हणणं, गणपतीचं वाहन आहे, मारायचं नाही. (सासूबाई दर मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते तेव्हा रस्त्यावर उभं राहून "उंदीर-घुशी घेऊन जा गे मारबत" असं ओरडणाऱ्याही त्याच. दोन्ही एकाच श्रद्धेने.) काम सावकाश चाललं होतं, पण चाललं होतं. तेवढ्यात माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी ठरली. यवतमाळचे पाहुणे, अकरा माणसं, एप्रिलचा पहिला रविवार, आमच्याच घरी.

आठ दिवस आधी भासरे आले. पिंजरा बघून हसले. "हे असं एकेक पकडून कधी संपतील?" इतवारी बाजारातून आणलेल्या उंदराच्या औषधाच्या निळ्या वड्यांचं पाकीट त्यांच्या खिशातच होतं. मी म्हटलं, घरात मेला तर वास येईल. म्हणाले, "काही होत नाही नं. हे खाल्लं की त्याले तहान लागते, पाणी प्याले बाहेर जाते न तिकडेच मरते." आणि स्वतःच्या हाताने तीन वड्या ठेवल्या. फ्रिजमागे एक, सिंकखाली एक, हॉलच्या खिडकीत कूलरच्या बाजूला एक.

नागपूरच्या लोकांना कूलर समजावून सांगायला नको, पण तुम्ही नव्या आहात असं लिहिलंय म्हणून सांगते. इथे कूलर खिडकीबाहेर स्टँडवर असतो आणि तोंड घरात. मध्ये जी फट राहते तिच्यात पुठ्ठा किंवा थर्माकोल कोंबलेला असतो. बऱ्याच घरांत कूलर वर्षभर तसाच राहतो. पावसाळ्यानंतर त्याच्या आत काय असतं? तिन्ही बाजूंना तासलेल्या लाकडाच्या धाग्यांचं मऊ, कोरडं, अंधारं गवत. उंदराला बाळंतपणासाठी याहून चांगली जागा नाही. आणि थर्माकोल तर तो दोन रात्रींत कुरतडून आरपार.

शनिवारी ह्यांनी कूलर वरून पुसला, पाइप लावून टाकी भरली. गवत बदला म्हटलं तर "यंदाचं वर्ष निघून जाते त्याच्यात." रविवारी पारा चाळीसच्या वर. पाहुणे आले, संत्रा बर्फीचं ताट फिरलं, आणि भासऱ्यांनीच उठून कूलरचं बटण दाबलं.

पहिल्यांदा धूळ आणि ओल्या गवताचा वास आला, तो दरवर्षी येतो. मग त्याच्या मागून दुसरा आला. तो मी शब्दांत लिहिणार नाही. मुलाच्या आईने पदर नाकाशी नेला आणि घाम पुसल्यासारखं केलं. बर्फीवरचे हात थांबले. कोणीच काही बोलेना. तेव्हा भासऱ्यांनी खुलासा केला, सगळ्यांसमोर, मोठ्याने: "ते पिंजऱ्यात सुकट लावते न ही, त्याचा वास हाये."

मुलाच्या वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

पिंजरा गुरुवारीच धुऊन गच्चीवर ठेवला होता. घरात सुकटीचा तुकडाही नव्हता. पण अकरा पाहुण्यांसमोर मुलीची आई "नाही, वास मेलेल्या उंदराचा आहे" असं म्हणणार होती का? गप्प बसले. लग्न ठरलं, झालं, नात तीन वर्षांची आहे. जावई अजून आमच्याकडे आले की बसण्याआधी कूलरकडे बघतात.

पाहुणे गेल्यावर कूलरची बाजूची जाळी काढली. गवताच्या मधोमध घरटं होतं, कागदाच्या चिंध्या, माझ्या सोफ्याचा फोम, आणि त्यात एक मेलेला उंदीर. आजूबाजूच्या लेंड्या निळसर. आता बघा, ह्या वड्यांना मुद्दाम रंग दिलेला असतो आणि तो लेंड्यांत उतरतो. सुकट खाऊन निळी लेंडी पडत नाही. मी भासऱ्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे मेला नं शेवटी? औषधानं काम केलं."

ते तहानेचं सगळं खोटं आहे. आमची वडी ब्रोमाडिओलोनची होती. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा वड्या त्याच जातीच्या असतात. त्याने रक्त गोठायचं थांबतं, उंदीर तीन-चार दिवसांनी किंवा आणखी उशिरा मरतो, आणि तब्येत बिघडलेला प्राणी जातो तिथे तोही जातो, आपल्या घरट्यात. तुमच्याकडे त्याचं घरटं फॉल्स सीलिंगमध्ये असेल तर देवच पाहील. दुसरं म्हणजे झिंक फॉस्फाइडची काळपट पूड. ती पोटात गेली की विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. ती घरात आणूच नका, कोणी फुकट दिली तरी. ब्रोमाडिओलोनवर व्हिटॅमिन के हा उतारा आहे. पण बाळाने वडी तोंडात घातल्यावर लक्षणं लगेच दिसत नाहीत, दोन-तीन दिवस पोर खेळत राहतं, म्हणून "काही झालं नाही" म्हणून बसू नका. तडक सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा मेयो हॉस्पिटलला न्या, आणि पाकीट सोबत न्या.

मग वापरायचं काय? खटक्याचा सापळा. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा, स्प्रिंगवाला. जाळीच्या पिंजऱ्यात मोठा उंदीर अडकून राहतो, पण लहान घरउंदीर तारांमधून निघून जातो, मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि सोडून येणं म्हणजे आपला उंदीर दुसऱ्याच्या घरी पाठवणं. हे मी सासूबाईंना सांगितलेलं नाही.

एक सापळा लावून उपयोग नाही. घरउंदीर आपल्या घरट्यापासून फार लांब जात नाही, बहुतेक वेळा पाच-दहा मीटरच्या आतच त्याचा संसार. म्हणून जिथे लेंड्या दिसतात तिथेच, दोन-दोन मीटरवर, पाच-सहा एकदम लावा. तो खोलीच्या मधून सहसा चालत नाही, मिशा भिंतीला घासत जातो. सापळा भिंतीला काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे. आमिष हरभऱ्याएवढंच. शेंगदाणा आणि गूळ कुटून लावा, सुकटीची गरज नाही (आता मीही लावत नाही, कारण तुम्हाला कळलंच असेल). दोऱ्याने बांधलं तर अलगद चाटून पळत नाही. बाळ आहे म्हणून सापळे फ्रिजमागे, सिंकखालच्या बंद कपाटात, नाही तर दोन्हीकडे भोक पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि बाळ उठायच्या आधी उचला. आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणू नका. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड महिन्यात तयार.

वासाचे उपाय लोक सांगतील. पुदिन्याचं तेल, कापूर, लवंग. माझ्या अनुभवात घर छान वासाचं होतं, बस. संत्र्याच्या सालींनी उंदीर पळतात हेही आमच्याकडे ठामपणे सांगतात. मी उटण्यासाठी वाळवलेल्या सालींच्या पिशवीत त्यांनी पिल्लं घातली होती. डांबराच्या गोळ्या मात्र बाळाच्या घरात बिलकुल नको. पोरं त्या खडीसाखर समजून तोंडात घालतात, आणि काही मुलांच्या रक्तात जन्मजात एक एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात.

भोकं बुजवणं मी शेवटी सांगतेय, खरं तर पहिलं तेच. सिंकच्या पाइपाभोवती, एसीच्या नळीभोवती, दाराखाली. भांडी घासायची तारेची घासणी कोंबा आणि वरून एम-सील किंवा सिमेंट. नुसता फोम किंवा प्लॅस्टिक तो खातो.

आणि हो, आधी बघून घ्या की तो उंदीरच आहे. लेंडी जिऱ्याएवढी असेल तर घरउंदीर. शेंगदाण्याएवढी असेल तर मोठा, त्याला मोठा सापळा लागतो, आणि तो नव्या वस्तूला बिचकतो म्हणून दोन-चार दिवस खटका न लावता नुसतं खाऊ घाला. लांब नाक आणि उग्र वास असेल तर ती चिचुंद्री, झुरळं खाते, दार उघडं ठेवा, जाईल. लेंड्या कोरड्या झाडू नका, ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवून, हातमोजे घालून कागदाने उचला. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो.

औषध कधीच नाही असंही मी म्हणत नाही. गोदाम असेल, घुशी असतील, पेस्ट कंट्रोलवाला कुलपाच्या डबीत ठेवत असेल तर ठीक. धान्य-पीठ स्टीलच्या डब्यात असावं हेही खरं. भासऱ्यांचं चार आणे बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. राहिलेले बारा आणे माझ्या मोबाईलमध्ये आहेत, निळ्या लेंड्यांचे तीन फोटो, तारखेसकट.

घर भाड्याचं आहे, घरमालक खर्च देईल का, हेही तुम्ही विचारलं होतं. ते मला माहीत नाही. पण कूलर त्याचा असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका, गवताच्या तिन्ही ताट्या स्वतः काढून उन्हात झटका, बाळाला त्या खोलीबाहेर ठेवून.