‘जिएछी’ला संक्रांत म्हणावे काय?

चिनी सुलेखनाची ओळख करून देणाऱ्या एका कार्यक्रमाच्या मराठी पत्रकात ‘हिवाळी संक्रांतीपासून विद्वानांच्या दौतीतील शाईने ८१ रेघा भरणे’ असे वाक्य आले असून त्यातील ‘संक्रांत’ आणि ‘दौत’ हे शब्द योग्य आहेत काय, असा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही बदलावेत.

मुळात ही प्रथा फार रम्य आहे. उत्तर गोलार्धातील सर्वांत लहान दिवसापासून, म्हणजे ‘दोंगझी’पासून, नऊ दिवसांची नऊ नवके मोजत थंडी सरण्याची वाट पाहायची, आणि त्यासाठी एक तर ८१ पाकळ्यांच्या प्लमच्या फांदीची रोज एक पाकळी रंगवायची, नाहीतर नऊ अक्षरांच्या पोकळ आराखड्यातील रोज एक रेघ भरायची. चीनच्या छिंग घराण्याच्या दरबारात प्रचलित झालेल्या ओळीचा अर्थ साधारणपणे ‘मंडपापुढचे झुकलेले विलो वसंतवाऱ्याची जिवापाड वाट पाहतात’ असा असून तिच्यातील प्रत्येक अक्षर बरोबर नऊ रेघांचे आहे. (आजच्या सुलभ लिपीत ‘वारा’ हे अक्षर चारच रेघांत उरकते, तेव्हा आराखडा जुन्या लिपीतलाच हवा.) मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची रेघ भरली जाते.

आता संक्रांत. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे १५-१५ अंशांचे २४ भाग कल्पून त्यांना चिनी परंपरेत ‘जिएछी’ म्हणतात; दोंगझी ही त्यांपैकीच एक. युनेस्कोने २०१६ मध्ये या कालगणनेची आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. ही गणना सायन, म्हणजे ऋतूंशी बांधलेली आहे. आपली मकरसंक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांशी बांधलेली असल्यामुळे अयनचलनाने (अयनबिंदू ताऱ्यांच्या तुलनेत हळूहळू हलत असल्याने) सरकत जानेवारीच्या मध्यावर आली आहे, तर दोंगझी २१-२२ डिसेंबरच्या सुमारासच येते. त्यामुळे ‘हिवाळी संक्रांत’ वाचणारा मराठी माणूस तीन आठवड्यांहून अधिक चुकेल. भारतीय राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत २२ डिसेंबरला पौष १ येतो, तो याच सायन हिशोबाने. दोंगझीसाठी ‘उत्तरायणारंभ’ हा पंचांगातला शब्द तयार आहे, तोच वापरावा.

चोवीसही बिंदूंना मिळून एक नाव हवे असेल, तर मी ‘सौरपर्व’ सुचवीन. ‘जिए’ या अक्षराचा मूळ अर्थ बांबूचे पेर, आणि त्यावरून काळाचा सांधा व सण. संस्कृतातील ‘पर्व’ शब्दानेही नेमका हाच प्रवास केला आहे, कारण उसाचे किंवा वेळूचे पेर, काळाचा सांधा आणि उत्सव हे तीनही अर्थ त्यात नांदतात. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नसता असे जुळावे, हे मला विलक्षण वाटते. एप्रिलच्या आरंभी येणारे ‘छिंगमिंग’ हे या २४ पैकी एक असून त्याच दिवशी पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करण्याचा सण असतो, म्हणजे दोन्ही अर्थ तेथे एकत्रच येतात. ‘छी’, म्हणजे हवेतील प्राण किंवा वाफ, हा जोडशब्दाचा उत्तरार्ध मात्र माझ्या शब्दात हरवतो, हे खरे.

‘दौत’ हा शब्द तर वस्तूच बदलून टाकतो. दौतीत तयार शाई भरून ठेवतात. चिनी लेखक काजळी आणि सरस यांपासून बनवलेली शाईची कांडी दगडावर थोड्या पाण्यात उगाळतो आणि लागेल तेवढीच शाई करतो. चंदन उगाळणाऱ्या घरांत या दगडासाठी ‘सहाण’ हा शब्द आहेच. कुंचला, शाईची कांडी, कागद आणि सहाण यांना मिळून चिनीत जे नाव आहे, त्यात विद्वानाचा नव्हे तर त्याच्या अभ्यासिकेचा उल्लेख आहे, म्हणून ‘अभ्यासिकेतील चार रत्ने’ म्हणावे. या चौघांत दगडाचे कौतुक विशेष असते: ग्वांगतोंग प्रांतातील चाओछिंग येथील त्वान दगड नावाजला जातो तो शाई लवकर आणि बारीक उगाळली जाते, तरी कुंचल्याचे केस झिजत नाहीत, या गुणासाठी.