लस दिलेले मासेही आजारी का पडतात?

तुम्ही विचारलंय की जंतू लसीला चकवतात म्हणजे काय होतं, आणि निफाडच्या शेततळ्यातल्या चिलापी (तिलापिया) माशांसाठी लसीवर पैसे घालावेत का. मी मत्स्यशास्त्र शिकलोय, नाशिककडच्या तळ्यांवरच काम करतो.

जंतू काही शिकून शहाणा होत नाही. चिलापी मारणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस या जंतूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं आवरण असतं. माशाचं शरीर जंतू ओळखतं ते मुख्यतः या आवरणावरून, आणि लस तीच ओळख पटवते. पण कोट्यवधी जंतूंत एखाद्याच्या जनुकात चूक होते आणि आवरणाची घडण बदलते. एरवी तो गर्दीत हरवला असता. लस दिलेल्या तळ्यात बाकीचे जंतू मरतात आणि त्याला रान मोकळं मिळतं. द्राक्षबागेत डाऊनी रोगावर एकच औषध सारखं मारलं की ते लागू पडेनासं होतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. तसंच हे.

इस्राएलमध्ये 1995 ते 1997 दरम्यान ट्राऊट माशांना याच कुळातल्या एका जंतूवर लस दिली. आजार आटोक्यात आला, आणि 1997 मध्ये लस घेतलेल्या माशांतच पुन्हा उफाळला. जंतूचा प्रकार निराळा निघाला. ऑस्ट्रेलियात जिताडा माशाच्या शेतीतही असंच झालं. तिथे आवरण घडवणाऱ्या जनुकांतच बदल सापडले.

आता तुमच्या तळ्याचं. चिलापीत बहुधा सापडतो तो स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टी, आणि त्याचे 1अ, 1ब, 3 असे प्रकार आहेत. एका प्रकारावरची लस दुसऱ्यावर चालेलच असं नाही. म्हणून आपल्या तळ्यात कोणता प्रकार आहे हे कळल्याशिवाय लस घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या मे महिन्यात दिंडोरीजवळच्या एका शेततळ्यावर पहाटे गेलो होतो. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कडेला एक चिलापी स्वतःभोवती गरगर फिरत होती, एक डोळा बाहेर आलेला, पांढुरका. मालकांनी आदल्या दिवशीचे मेलेले मासे पिशवीत जपून ठेवले होते. ते उपयोगाचे नव्हते, मेल्यावर माशात दुसरेच जंतू माजतात. आम्ही तो फिरणारा मासा जिवंत पकडला आणि मेंदू व मूत्रपिंडातून नमुना घेतला.

तुम्हीही तसाच मासा पकडा, तोही अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. प्रयोगशाळेला नुसतं जंतूचं नाव विचारू नका, प्रकारही विचारा. अहवाल येईपर्यंत तळ्यातली माशांची दाटी कमी करा, खाद्य निम्म्यावर आणा आणि पहाटे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवा.